आकडा मालकाने वाचायचा

गाव ज्यांना टेपवाले म्हणे, त्या गृहस्थांनी घरपट्टीसाठी घरं मोजायचं काम अठ्ठावीस वर्षं केलं. त्यांची एक रीत होती. टेपचं शून्याचं टोक आपण भिंतीला धरायचं आणि आकडा घरमालकालाच वाचायला लावायचा, म्हणजे मागाहून कुरकुर नको.

या रितीचा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा भारीच ताप झाला होता. अकरा वर्षांपूर्वी मागचा व्हरांडा बंद करून त्यांनी स्वयंपाकघर वाढवलं. भिंतीचा रंग वाळायच्या आत या गृहस्थांनी काकूंच्या हातात टेप दिली. "वाच बघू."

"नऊ फूट चार इंच. अहो, स्वतःच्या घरालासुद्धा सोडणार नाही?"

नाहीच सोडलं. वहीत आकडा लिहून खाली काकूंची सहीसुद्धा घेतली. घरपट्टी वाढली आणि काकूंनी दोन दिवस अबोला धरला.

यंदा टेपवाल्यांच्या वाट्याला कारखानदारांचा बंगला आला. काचेच्या छताखाली ऐसपैस पोहण्याचा तलाव आणि कागदावर काय, तर 'मोकळी जागा'! पत्र्याच्या खोलीत राहणारी कपडे शिवणारी बाई फुटाफुटाची घरपट्टी भरते आणि हे महाशय अख्खं दालन फुकटात वापरतात. टेपवाल्यांनी दालन मोजलं, लिहिलं. कारखानदारांनी उलट तक्रार ठोकली: याने स्वतःचं स्वयंपाकघर लपवलंय. निवृत्तीला चार महिने उरलेले. तक्रार खरी ठरली तर पेन्शन अडकणार होतं.

चौकशीला साहेब घरी आले, सोबत कारखानदारही. टेपवाले पुढे होणार, तोच काकूंनी त्यांच्या हातातून टेप काढून घेतली आणि शून्याचं टोक भिंतीला दाबून धरलं.

"आमच्याकडे आकडा मालक वाचतो," त्या कारखानदारांना म्हणाल्या. "आज तुम्ही वाचा."

"नऊ फूट..." कारखानदार अडखळले. "चार इंच."

साहेबांनी जुनी नोंदवही उघडली. नऊ फूट चार इंच. खाली काकूंची सही, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. रागारागाने केलेली ती सही बघून काकूंचा ऊर भरून आला. असा माणूस आपल्या घरात आहे, हे गावभर ओरडून सांगावंसं वाटलं त्यांना.

साहेबांनी वही मिटली. "आता बंगल्यावर जाऊ. तलाव पुन्हा मोजू."

"चला, मी येते," म्हणत काकूंनी पायांत चपला सरकवल्या. टेप त्यांच्याच हातात होती. टेपवाले मागून रिकाम्या हातांनी चालत होते.