फाटकावरची बाटली

आमच्या आत्याला अख्खी वस्ती 'लख्ख' म्हणायची. तोंडावर कुणाची हिंमत नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिच्या घरात जायचं तर आधी पाय धुवायचे, मग पुसायचे, आणि पाय पुसलेल्या फडक्याची घडी घालून ठेवायची. गोठा ती सकाळ-संध्याकाळ खराट्याने असा घासायची की माझे वडील म्हणायचे, "इथे पान मांडलं तरी चालेल." त्यावर आत्या म्हणायची, "तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा बरंच." थोरली बहीण ती. 

नवरा गेल्यावर तिने गुरं राखायचं काम धरलं. वस्ती संपते तिथे एक लोखंडी फाटक आहे आणि फाटकापलीकडे सगळ्यांचं मिळून एक कुरण. सकाळी दारादारातून गाई गोळा करायच्या, दिवसभर चारायच्या, संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात सोडायची. तिची स्वतःची गाय एकच, भुरी. बाकी सगळ्या लोकांच्या. पण कुठली गाय कुणाची हे तिच्या बोलण्यावरून कधी कळायचं नाही, सगळ्यांना सारख्याच शिव्या आणि सारखीच माया.

मी लहान असताना त्या कुरणात पाऊल टाकलं की पायाखालून नाकतोडे फुटाण्यांसारखे उडायचे. गाई एका जागी गवत अगदी बुडापर्यंत खायच्या आणि दुसरीकडे तोंडही लावायच्या नाहीत. त्यामुळे कुरणात आखूड गवत होतं तसं उंच गवतही होतं. आखूड गवतात ऊन खात बसणारे किडे, उंच गवतात फुलपाखरं, दोन्हींच्या मध्ये कोळ्यांची जाळी. गाईंच्या पायांत बगळे. आणि शेण पडलं रे पडलं की शेणकिडे हजर. काळे, चिवट, कामसू. शेणाचे गोळे करायचे, ढकलत न्यायचे, मातीत पुरायचे, त्यातच अंडी घालायचे. काल पडलेलं शेण आज शोधू म्हटलं तरी भुसा तेवढा उरलेला असायचा.

मला त्यांचं भारी कौतुक. आत्याला किळस. "किडे ते किडे," ती म्हणायची, "शेणातले असोत नाहीतर पोटातले."

पोटातल्यांशी तिचं जुनं वैर होतं. एका वर्षी वस्तीत वासरं जंतांनी गेली. भुरीच्या आईचं पहिलं वासरू आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेलं. गुरांचे डॉक्टर म्हणत राहिले, थांबा, बघू, आणि बघता बघता ते गार पडलं. त्यानंतर ते औषध आलं. गाईच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत धार सोडायची, बस्स. सुई नाही, झटापट नाही. डॉक्टर म्हणाले होते, गरज पडेल तेव्हा द्या. आत्याने मनाशी ठरवलं, गरज पडेपर्यंत थांबायचंच कशाला?

तिने फाटकावर नियम केला. औषधाशिवाय गाय आत नाही. महिन्या-दीड महिन्याने ती बाटली घेऊन फाटकात उभी राहायची आणि एकेक पाठ समोर आली की धार सोडायची. मापापेक्षा थोडी जास्तच. हात आखडता घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली. गवळ्याने तर एकदा, "माझ्या कालवडीला काही झालेलं नाही," म्हणून वाद घातला, तेव्हा आत्याने कालवडीला फाटकातून हाकलून परत त्याच्या दारात नेऊन बांधलं. वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या घरचे जंत वस्तीने का वाटून घ्यायचे?" गवळी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने आला. हळूहळू सगळ्यांना सवय झाली, आणि पुढे पुढे तर अभिमान वाटायला लागला. आमच्या वस्तीतल्या गाई चमकायच्या. वासरू दगावलं असं वर्षानुवर्षं ऐकू आलं नाही. ते सगळं आत्याचंच होतं, हे मान्य करायलाच हवं.

नंतर कुरणाचं काहीतरी बिनसलं. कधी ते सांगता येत नाही, कारण आम्ही कुणी बघत नव्हतो. शेण पडायचं आणि पडूनच राहायचं. वरून वाळून पापडी धरायची, खाली गवत पिवळं पडायचं, भोवतीने जाड, उग्र वासाचं गवत माजायचं. त्याला गाई तोंड लावत नाहीत. एका वर्षाच्या पापड्या दुसऱ्या वर्षापर्यंत टिकायला लागल्या. खाण्याजोगं गवत उरलं ते तुकड्यातुकड्यांत, आणि सगळा कळप त्या तुकड्यांवर तुटून पडायचा, ते मातीपर्यंत खरवडून टाकायचा. नाकतोडे कमी झाले. बगळे दुसरीकडे गेले. कुरणात इतकी शांतता असायची की गाईंचं रवंथ ऐकू यायचं.

लोक गाई घरीच बांधायला लागले. कुरणात खायला काही नाही तर पाठवायच्या कशाला? आत्याचा कळप झडत चालला. तिला दुसरं काम येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही सुचतही नव्हतं. कळप गेला की ती गेली, हे मला दिसत होतं.

नवीन डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा आत्याने त्यांना कुरण दाखवायला नेलं. मीही होतो. बाईंनी काठीने एक पापडी उलटली. खाली काही नव्हतं.

"औषध किती वेळा देता?" त्यांनी विचारलं.

आत्याने मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. बाई अगदी हळू म्हणाल्या, "मावशी, ते औषध गाईच्या अंगात राहत नाही. शेणातून बाहेर येतं. किड्यांच्या अळ्या तेच शेण खातात आणि मरतात. किडे नाहीत म्हणून शेण जिरत नाही. शेण तपासून लागेल त्या गाईलाच औषध द्या. काही गाई बिनऔषधाच्या राहू देत, म्हणजे किड्यांना जगायला जागा होईल."

आत्या तडक घरी निघाली. घरी आल्यावर पाय न धुता आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती फाटकात उभी राहिली, या वेळी रिकाम्या हाताने. येईल त्याला सांगत होती, निदान तुझी एक गाय बिनऔषधाची ठेव. जी बाई आयुष्यात कुणापुढे वाकली नाही ती हात जोडत होती. लोक हसले नाहीत, ते बरं झालं. हसले असते तर मी एखाद्याची कॉलर धरली असती. गवळी म्हणाला, "आत्या, माझी कालवड तूच परत आणून बांधली होतीस ना? आता जंत झाले तर वासरू कुणाच्या मांडीवर मरणार? तुझी ठेव की बिनऔषधाची."  वीस वर्षं तिनेच शिकवलेलं तो बोलत होता.

तिने भुरी बिनऔषधाची ठेवली. जंगलाच्या कडेला काही घोडे मोकळे चरायचे, त्यांना औषध कुणी देत नव्हतं; तिथून ती शेणकिडे घेऊन आली, जेवणाच्या डब्यात ओल्या मातीत घालून. ज्या बाईने आयुष्यभर डब्याला मुंगी लागू दिली नाही, तिने! डबा भुरीच्या ताज्या शेणाशेजारी उघडला आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. एक किडा आत घुसला. मग दुसरा.

"गेला बघ," आत्या म्हणाली, "हावरट मेला." इतकं प्रेमाने ती मलाही कधी बोलली नव्हती.

पण किडे स्थिरस्थावर होतात न होतात तोच भुरी खंगायला लागली. पोट बिघडलं, जबड्याखाली सूज आली, उठताना पाय लटपटायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतच आहेत. दुसरं एक औषध आहे, किड्यांना फारसं बाधत नाही. शहरातून मागवते, दोन-तीन दिवस थांबा.

"थांबा," आत्या म्हणाली. तो शब्द तिने असा उच्चारला की मला पुढचं कळलं. तिने फडताळातली जुनी बाटली काढली.

मी म्हणालो, "आत्या, दोन दिवसांचाच प्रश्न आहे."

"ते वासरू गेलं तेव्हा तू जन्मला नव्हतास," ती म्हणाली, आणि भुरीच्या पाठीवर धार सोडली. मापापेक्षा जास्तच.

भुरी वाचली. आत्याने तिला आठवडाभर गोठ्यात ठेवलं, तिचं शेण लांबच्या खड्ड्यात नेऊन टाकलं. एवढ्यात औषध उतरलं असेल असं तिला वाटलं. मग भुरी कुरणात गेली, आणि किडे तिच्या शेणावर आनंदाने आले. गोळे केले, ढकलले, पुरले. आत्या रोज जाऊन ती भोकं बघायची. मला म्हणायची, "जमलं रे. दोन्ही जमलं."

पिल्लं बाहेर यायचे दिवस आले आणि गेले. शेवटी तिने खुरपं घेतलं. मातीतून एक गोळा काढला, नखाने फोडला. आत पांढरी अळी होती, सुकून दोऱ्याएवढी झालेली. दुसरा फोडला. तिसरा. मी म्हणालो, पुरे. तिने ऐकलं नाही. सगळे फोडले, आणि सगळे पुन्हा होते तिथे ठेवून वर माती ओढली.

भुरी मागून आली आणि तिच्या खांद्याला चाटायला लागली. तिची पाठ उन्हात चमकत होती. आत्या म्हणाली, "हिचं काय चुकलं?" आणि रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

फाटक आता बंद असतं. भुरी घरीच असते, विकतच्या वैरणीवर. परवा गेलो तेव्हा दारात पाय धुवायला पाणी नव्हतं. मी सवयीने थांबलो, तर आतून आत्या म्हणाली, "ये तसाच." गोठ्यात खराटा कोपऱ्यात पडला होता आणि भुरीच्या मागे कालचं शेण तसंच होतं. आत्या त्याच्यापुढे पाट टाकून बसली होती. काही येतंय का, ते बघत होती.