दहिवरातला कापूस

त्या रविवारी शेतात आम्ही सात जण होतो. एक मी. दुसरी माझी पोरगी, दहावीतली, मिशनच्या हायस्कुलाची हेडगर्ल. तिसरी तिच्याच वर्गातली, जळगावच्या कापड दुकानदाराची मुलगी, जी मतं कमी पडली म्हणून उपप्रमुख झाली होती. चौथा खेळाचा प्रमुख, रावेरकडचा, केळीवाल्या घरचा. पाचवा हेडबॉय, भुसावळच्या रेल्वे ड्रायव्हरचा मुलगा, ख्रिस्ती. सहाव्या त्यांच्या शाळेच्या मोठ्या सिस्टर. आणि सातवे आबा, ज्यांचं ते शेत. आणखी कोणी नव्हतं. लोक नंतर मिशनची माणसं भरून आली होती असं काहीबाही बोलले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही एरंडोलपासून आत, आबांच्या मळ्यातल्या खोलीत राहायचो. पोरीचा बाप ती सात वर्षांची असतानाच गेला. मी आबांकडे निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, पडेल ते करायची. पोरगी जळगावला सिस्टरांच्या बोर्डिंगात राहून शिकत होती. त्या शाळेत पोरापोरींचं मंडळ असायचं. चिठ्ठ्या टाकून मतं घ्यायचे. निवडून आली त्यांना फादर बिल्ला लावायचे. कोणी पाण्याची रांग बघायचं, कोणी प्रार्थनेची, कोणी मैदान. माझी पोरगी निवडून आली तेव्हा मी बिल्ला हातात घेऊन बघितला. पितळी होता.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या उजव्या हाताचं बोट पिकलं. कापसाचं बोंड वाळलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. वेचताना रोजच टोचतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. हे टोचलं ते आत गेलं. पंजा सुजला, ताप आला. डॉक्टरनं कापून पू काढला आणि दोन महिने हाताला काम नाही म्हणून सांगितलं. इकडे पाच एकर पांढरं होऊन उभं. तो वेचा, म्हणजे ती एक वेचणी, मी आबांकडून अंगावर घेतली होती. मी नाही वेचला तर आबा दुसरं मजुराचं घर आणणार आणि खोली त्यांना देणार. तशी रीतच होती, त्यात आबांचा राग नाही.

सुट्टी संपली, पोरगी शाळेत गेली नाही. कंबरेला ओटी, म्हणजे कापूस भरायची झोळी, बांधून माझ्या जागी वेचायला लागली. मी तिला शाळा सोड म्हटलं नव्हतं. पण जा असंही म्हटलं नाही. बोर्डाचा फॉर्म त्याच महिन्यात भरायचा होता, ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. आम्ही दोघी त्यावर बोलायचो नाही.

शाळेत काय झालं ते मला मागून कळलं. शाळा उघडल्यावर बाराव्या दिवशी सिस्टरांनी मंडळाला बसवून सांगितलं की हेडगर्लची जागा रिकामी ठेवता येणार नाही, उपप्रमुख आहे, तिला बिल्ला द्यावा. त्यावर हेडबॉय म्हणाला, आधी एक रविवार द्या, आम्ही जाऊन बघून येतो. सिस्टर म्हणाल्या, मग मीही येते. पण त्या दोघांना रविवारी मिस्सा असते, चर्च चुकवून चालत नाही. म्हणून कापडवाल्याची मुलगी आणि केळीवाल्याचा मुलगा पहिल्या एसटीनं पुढे आले.

ते आले तेव्हा आम्ही दोघी एरंडोलला पट्टी बदलायला गेलो होतो. शेजारणीनं त्यांना शेत दाखवलं. आम्हाला यायला वेळ आहे म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, येईपर्यंत वेचून ठेवू, मावशी खूश होतील. खोलीबाहेर माझ्या ओट्या वाळत होत्या, त्या घेतल्या आणि सुरू झाले. केळीवाल्याचा मुलगा म्हणे सांगत होता, शेतीचं मला विचार, आमच्याकडे घड ऊन चढायच्या आत कापतात, कापसाचंही तसंच असणार.

केळीचं तसं असेल. कापसाचं उलटं. कार्तिकात रात्रभर दहिवर पडतं, कापूस पाणी पिऊन बसतो. ऊन चांगलं चढल्यावरच हात लावायचा. आणि ओला कापूस वजनाला जास्त भरतो, म्हणून काही लोक मुद्दाम पाणी शिंपडून देतात. आदल्या वर्षी आबांनी याच गोष्टीवरून एक घर मळ्यातून काढलं होतं. ते घर आमच्याच शेजारच्या खोलीत होतं.

आम्ही दहाच्या सुमाराला आलो तर बांधावर दोन ढीग आणि त्यांच्याशेजारी ही दोघं हसत उभी. दोघांच्या बोटांतून रक्त आलेलं. मी डावा हात ढिगात घातला. गच्च ओला. वर निम्म्या कापसाला पानाचा चुरा चिकटलेला, कवडी, म्हणजे न उमललेली बोंडं, तीही तोडून टाकलेली. पोरीनं माझ्याकडे बघितलं. आम्ही काही बोलायच्या आत आबांची फटफटी वाजली.

आबांनी मूठभर कापूस घेऊन दाबला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हाऊ कापूस वला कसा?”

मी म्हटलं, “आबा, सऱ्या माझ्या, कापूस माझा.” पोरांवर ढकलावं असं मनात आलं नाही असं नाही. पण ती लांबून आली होती.

कापडवाल्याची मुलगी पुढे आली. म्हणाली, आम्ही वेचला, ओला असतो हे माहीत नव्हतं. आबांना ते खरं वाटेना. बिल्ले लावून आलेली शहरातली पोरं कापूस कशाला वेचतील? ते म्हणाले, “मिशनम्हा आते हाईच शिकाडतस का?” आणि केळीवाल्या पोराला विचारलं, कोणाचा रे तू. त्यानं गाव आणि घर सांगितलं. आबा म्हणाले, म्हणजे शेतकऱ्याचं पोर, तुला तरी कळायला पाहिजे.  मग आबा मला म्हणाले, संध्याकाळी येऊन भेट, खोलीचं बघू. मला त्याचा अर्थ कळला. पोरगी ओटी बांधायला लागली, जसं आता तिला त्या शेताबाहेर कुठं जायचंच नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून सिस्टर आणि हेडबॉय येताना दिसले. सिस्टरांचा पांढरा झगा धुळीनं खालून मातकट झाला होता. हेडबॉयनं आपल्या दोघांना बाजूला घेऊन सगळं विचारलं, ढीग बघितला, आणि आबांसमोर जाऊन उभा राहिला. सोळा वर्षांचं पोर, मिसरूडही धड फुटलेलं नाही.

“आबा, चूक आमच्या मंडळाची आहे. प्रमुख मी आहे. बोलायचं ते मला बोला.”

“तू व्हता का आठे?”

“नव्हतो.”

“मंग?”

“मी नव्हतो म्हणूनच चुकलं. दोघांना सोबत कोणी दिलं नाही, ते माझं काम होतं.”

 तो पुढे बोलला. हा कापूस आज वाळवून, निवडून देतो. आणि मावशींचा हात बरा होईपर्यंत मंडळ दर शनिवारी दुपारी आणि रविवारी येईल, ऊन चढल्यावरच हात लावेल, मावशी सांगतील तसं. बदल्यात वेचा दुसऱ्याला देऊ नका आणि आमची हेडगर्ल आम्हाला परत द्या.

आबा त्याचा हात उलटा करून बघत म्हणाले, असल्या हातांतून दोन दिवसांत रगत निघेल. केळीवाला पोरगा हळूच म्हणाला, “माझं तर निघालंच आहे.” तेव्हा आबांच्या मिशीखाली जरा हसू आलं. सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी माझ्याकडे एक लुगडं मागितलं, जमिनीवर पसरलं, झगा आवरून बसल्या आणि कापसातला पानाचा चुरा काढायला लागल्या. मग सगळेच बसले. मी एका हातानं कवडी वेगळी कशी करायची ते दाखवत होते. शेवटी आबाही उकिडवे बसले.

उन्हं कलली तेव्हा कापूस हाताला कोरडा लागला. आबांनी परत मूठ दाबून बघितली आणि मला म्हणाले, “तुनी पोरले उद्या शाळाम्हा धाडी दे. वेचा थांबी शनवारपर्यंत.”

पोरगी उठली. खोलीत गेली. पुस्तकांच्या पेटीची गंजून बसलेली कडी ठोकून उघडायचा आवाज आला, तेव्हा मला कळलं की ती पेटी तिनं सुट्टी लागल्यापासून उघडलीच नव्हती.

एसटीची वाट बघताना कापडवाल्याची मुलगी माझ्याजवळ बसली होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या. म्हणाली, “मावशी, बिल्ला मला हवा होता. अजूनही हवा वाटतो. पण असा नको.”  मी तिच्या केसांतले कापसाचे पुंजके काढून दिले.

पुढचे चार शनिवार-रविवार पोरं आली. मंडळातली आणखी दोनतीन सोबत. दोघं सरीच्या टोकाला बसून इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचायची, बाकीची वेचत ऐकायची, माझी पोरगी चुकलेल्या दिवसांचं तसंच शिकली. मीही ऐकलं, फार काही राहिलं नाही. भांडायचीही खूप. कोणाची सरी लांब, कोणी कमी वेचलं, यावरून रोज. एका शनिवारी आभाळ आलं तर चौघंच आली, बाकीच्यांना घरून सोडलं नाही. त्या वेच्यातला थोडा कापूस पावसात गेला. आबा कुरकुरले, पण खोली राहिली.

पोरीचा फॉर्म वेळेत भरला गेला. दहावी झाली, मग नर्सिंग केलं. आता धुळ्याला सरकारी दवाखान्यात आहे. माझं ते बोट वाकडंच राहिलं, मूठ पूर्ण मिटत नाही. तेवढं चालतं.

हे वाचणारे कोणी शाळेत असतील, किंवा ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. सुट्टी संपल्यावर वर्गातलं एखादं पोर परत आलं नाही, तर त्याच्या गावी एकदा जाऊन या.