कापसापुढचा दिवा

चांगुणाबाईच्या दारात बिडी ओढणाऱ्याची खैर नसे. भोकरदनजवळच्या त्या गावात वेचलेला कापूस विक्रीला जाईपर्यंत राहत्या घरातच साठवत. दिवाळीला तिचं माजघर आढ्यापर्यंत भरलेलं असे, म्हणून चूलसुद्धा ती अंगणात पेटवायला लावी.

पण लक्ष्मीपूजनाला कापसापुढं दिवा लावायचा आणि तो आपण होऊन विझेपर्यंत हलवायचा नाही, ही तिच्या सासूपासूनची रीत. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीत पूजनाच्या दुसऱ्या सकाळीही दिवा जळतच होता, तेव्हा नवी सून कौसल्या म्हणाली, "आत्याबाई, दिवा अंगणात नेऊ का? कापूस लई जवळ हाय."

"लक्ष्मीला भाईर काढती का? वरीस न्हाई झालं घरात येऊन, अन् मला शिकवून राह्यली!" असं म्हणत चांगुणाबाई पाण्याला गेली.

परतली तेव्हा दारातून धूर येत होता. कौसल्यानं गोधडी रांजणात बुडवून ढिगावर टाकली होती आणि आत धुमसणारा कापूस ती हातांनी ओढून अंगणात फेकत होती. घर वाचलं. तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

जमलेल्यांत चुलतदीर तातेराव म्हणाला, "नवी सून. चुलीतला इस्तू उडाला असंल."

चांगुणाबाई काही बोलली नाही. कौसल्यानं फक्त एकदा सासूकडं पाहिलं. त्या नजरेनंतर चांगुणाबाईला सुनेसमोर घास गिळवेना.

पुढच्या आठवड्यात जाफराबादहून कौसल्याचे वडील आले. तातेराव ओसरीवर बसला होता. त्याच्यादेखत म्हाताऱ्यानं टोपी काढली, हात जोडले. "इहीणबाई, पोरीची चूक झाली. पदरात घ्या. माघारी धाडू नका."

चांगुणाबाईची मान खाली गेली. "हात खाली घ्या, इवाई. चूल न्हाई, दिवा व्हता. म्याच ठिवला व्हता. पोरीनं इचारलं, तर तिलाच झिडकारलं. अन् मंग गप बसले."

"म्हंजे बोलणी आमच्या बिडीला, अन् आग तुमची, वैनी?" तातेराव म्हणाला.

"व्हय," ती पुटपुटली.

आतून कौसल्याचा आवाज आला, "आत्याबाई, इथं सांगून काय? गल्लीतल्या बाया मलाच येंधळी म्हणून राह्यल्यात."

चांगुणाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. समोरच्या ओट्यावर बाया ज्वारी निवडत बसल्या होत्या. ती तिथं जाऊन उभी राहिली. "बायांनो, आग माझ्या दिव्यानं लागली. पोरीची चूक न्हाई," ती म्हणाली.