हरिहर मास्तरांचं येऊ घातलेलं औषध

हरिहर मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तरी रत्नागिरीला जीवशास्त्र शिकवायचे काही थांबले नव्हते. पोस्टमन, भाजीवाली, केस कापणारा, कोणाचीच सुटका नव्हती.

एकोणनव्वद साली भाच्यानं पाठवलेल्या परदेशी मासिकात त्यांना नवं खाद्य मिळालं. शरीरातली पेशी वेळ झाली की आपणहून मरते, झाड जादा कैऱ्या गाळतं तशी. पण काही कॅन्सरमध्ये एक प्रथिन तिच्या मरणाला आडवं येतं. पेशी मरतच नाहीत, नुसत्या साठत जातात. म्हणजे त्या प्रथिनालाच गाठलं की काम फत्ते! मासिकात 'कदाचित, पुढेमागे' असं लिहिलं होतं. मास्तरांनी गावोगावच्या आपल्या भाषणांत तेवढे शब्द वेळेअभावी वगळले.

त्याच सुमारास त्यांच्या बायकोच्या, मालिनीबाईंच्या मानेला गाठ आली. गावातल्या डॉक्टरांनी तुकडा तपासून घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "कॅन्सर आहे. उपचार आहेत, पण ताबडतोब मुंबई गाठा."

मास्तर घरी येऊन म्हणाले, "या डॉक्टरांचं वाचन कॉलेजातच संपलं. अगं, नवं औषध येऊ घातलंय. ती विषारी सलाइनं कशाला टोचून घ्यायची? थोडी कळ काढ."

"थोडी म्हणजे किती?"

"विज्ञानाला घाई करून चालत नाही."

गाठीला मात्र घाई होती. बाईंना गिळताना दुखू लागलं. मास्तर तिकडे आरे-वारेच्या बाजूच्या एका गावात प्रथिनांवर बोलून गळ्यात हार घालून आले. तो हार बघून बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना मरणाची भीती वाटत होती आणि ती ऐकून घ्यायला घरात कोणाला सवड नव्हती.

मास्तर तसे बुद्धिवादी. देवाधर्माची यथेच्छ टवाळी करत. फक्त आपल्या कलमांचा आंबा कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, हे ग्रामदेवीचा कौल घेतल्याशिवाय ठरवत नसत. गुरव मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला कळ्या लावायचा. उजवी आधी पडली की देवीचा होकार. ही परंपरा आहे, श्रद्धा नव्हे, असं ते बजावून सांगत.

दुसऱ्या दिवशी बाई फुलांची परडी घेऊन बाहेर पडल्या आणि तासाभरानं परतल्या. "देवीचा कौल झाला. उद्याच्या उद्या मुंबई."

मास्तरांचा चेहरा उतरला. "उजवा पडला?"

"लख्ख उजवा."

मग विज्ञान बाजूला राहिलं आणि सकाळी दोघं एसटीत बसली.

मुंबईच्या डॉक्टरांना मास्तरांनी प्रथिनाबद्दल विचारलंच. "वाचलंय मी," डॉक्टर म्हणाले. "संशोधन चांगलं आहे, पण त्यावरचं औषध यायला किती वर्षं लागतील, कोण सांगणार? आहेत त्या औषधांनी आजच सुरुवात करू. केस जातील, पण बाई बऱ्या होतील असं वाटतं. आणखी थांबला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

मास्तर बाहेर येऊन बाकावर मटकन बसले. त्यांना रडू आवरेना. "माझ्यापायी गेली असतीस गं तू," ते म्हणाले. "घरी गेल्यावर आधी देवीची ओटी भरू. तिनंच वाचवलं."

मालिनीबाईंनी त्यांच्या हातात रुमाल दिला.

"ओटी माझी भरा. मी देवळात गेलेच नव्हते."