सोनलनं हलकी दुर्बीण घेतली

आयाबायांनो, आज मी नात सोनलसंग भंडाऱ्याले दुर्बीण घ्याले गेली. पोट्टीले तळ्यावरचे पाखरं पाहाचा लय नाद. दुकानात इतकी गार हवा, तिचे आजोबा असते तं तिथंच घोरले असते.

सोनलले मोठी दुर्बीण आवडली. मी डोळ्याले लावली तं हात थरथरले, अन् समोर तारेवरचा कावळा नाचूनच राहिला. म्हटलं, "माह्यं जाऊ दे, तुले पायजे ते घे."

तिनं मोठी ठेवली, हलकी उचलली.

"काहून वो? तुले तं मोठी पायजे होती."

"तळ्यावर मी एकटी जाईन का, आजी?"

हलकीतून कावळा चूप बसला. संध्याकाळी तळ्यावर टिबुकलीच्या पाठीवर बसलेलं पिल्लू दिसलं. इतके वर्स तिथं धुणं धुतलं, कधी दिसलं नोतं.

तुमच्या तळ्यावर कोणते पाखरं हायेत? सांगा, आमी दोघी येतो.