पुस्तकपेटी फोडायच्या आधीच

सेलूच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हसून विषय बदलणाऱ्यांपैकी मी एक... त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडच वाटतंय.

आमचं घर कापूस मार्केटच्या मागे. घरात मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. काचबिंदूने आईंची नजर जवळजवळ गेली आणि त्यांचं वाचन सुटलं. म्हणून संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवायला लागले. आधी एका मासिकाची वर्गणी भरली, पण ते काही त्यांना रुचेना. "ह्यो लिव्हणारा नुसता बोलायलाय, सांगत काईच न्हाई," म्हणाल्या. मग मैत्रिणीने पुस्तकपेटी सुचवली. दर महिन्याला घरी एक खोकं येतं, आत कुठलं पुस्तक आहे ते फोडेपर्यंत कळत नाही. आईंना ही गंमत फार आवडली.

गेल्या हिवाळ्यात पेटी आली तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या. वाचायला वेळच नव्हता, म्हणून ती तशीच कपाटावर ठेवून दिली.

एका संध्याकाळी घरी आले, तर आई खुशीत.

"आज दुपारी लय गोड वाचलंस. मधीच कामून उठलीस?"

"मी? आई, मी आत्ता येतेय शाळेतून."

"असं काय करतीस? घड्याळजीची बायको न्हाई का... नवरा गेल्यावर रोज समद्या घड्याळांना चावी देती ती. मग एक घड्याळ उलटं फिरायला लागतं. तिथंच थांबलीस की."

डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल, म्हटलं. तरी पेटी खाली काढली. टेप शाबूत होती. फोडली, तर आत कथासंग्रह... आणि पहिलीच कथा घड्याळजीच्या बायकोची. नवरा म्हणाला, "आधी मासिकात आली असेल." मी सगळे जुने अंक चाळले. नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घर गाठलं. आई एकट्या असल्या की आम्ही बाहेरून कुलूप लावतो. एक चावी माझ्याकडे, दुसरी नवऱ्याकडे, आणि तो कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला. कुलूप जागच्या जागी होतं. चावी काढली आणि आतून वाचण्याचा आवाज आला. संथ, एका लयीत. मधूनमधून आईंचं "हं... हं..."

तो आवाज माझा होता.

चावी न लावताच मी दाराला कान लावला. मग हाक मारली, "आई..."

वाचणं थांबलं. आणि आतून, माझ्याच आवाजात, अगदी शांतपणे – "कोण आहे?"

शेजारच्या काकू ओट्यावर डाळ निवडत होत्या. मला पाहून सूप बाजूला ठेवून उठल्या. "तू भाईर? अगं, मघापासून आइकायले मी... मग आत कोण वाचायलंय?"

माझ्या हातातली चावी घेऊन कुलूप त्यांनीच उघडलं. आत आई पलंगावर पाय पसरून बसलेल्या, पायथ्याशी ते पुस्तक उघडं. मागच्या दाराला आतून कडी होती. आमची चाहूल लागताच आईंनी रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, कोण आलंय बघ की."

काकू उंबऱ्यातूनच माघारी फिरल्या.

पुस्तकपेटीची वर्गणी मी त्याच दिवशी बंद केली. आईंना झरी गावाला दिरांकडे सोडलं, तिथे त्या ठीक आहेत. नवरा म्हणतो, आईंना भास झाला आणि तू दमलेली होतीस. पण काकूंनी ऐकलं त्याचं काय, असं विचारलं की उठून बाहेर जातो.

झरीला जाताना गाडीत मी आईंना न राहवून विचारलं होतं, "आई, ती तुमच्या किती जवळ बसायची?"

"ती कोण? तूच की. वाचता वाचता पाय चेपायचीस माझे."

"हात कसे होते?"

आई वैतागल्या. "तुझे हात मला वळखू येत न्हाईत व्हय?"

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण तेव्हापासून मोठ्याने वाचायची माझी हिंमत होत नाही. वर्गात धडासुद्धा मी मुलांकडूनच वाचून घेते.