खळ्यांवर रुमाल

आमच्या दूध सोसायटीत दुधाचं फॅट मोजणारा पोरगा लग्न जमेना म्हणून पुण्याला जाऊन दोन्ही गालांना खळ्या पाडून आला. आतले टाके विरेपर्यंत खळ्या न हसताही दिसतात, हे आम्हा बायांना कुठं ठाऊक? दुष्काळात म्हशींना सरकीची ढेप मिळेना, दुधाचं फॅट उतरलं नि दरही. तो गंभीरपणे सांगायचा, "काकू, फॅट कमी लागलं."

"मग हसतोस कावून रं?"

"हसत न्हाई काकू, टाके हायेत."

शेवटी फॅट कमी लागलं की तो गालांवर रुमाल धरूनच सांगू लागला. टाके विरले, खळ्या आता हसल्यावरच पडतात, पण सवय राहिली. रुमाल वर गेला की आम्ही काय ते समजतो.

यंदाही दुष्काळ, रुमाल खाली आलाच नाही. खळ्या अजून एकाही पोरीनं पाहिलेल्या नाहीत.